घडी घातलेली वंशावळ

आमच्या कंपनीत परदेशी पैसा येणार, ही बातमी साहेबांनी मला कॅन्टीनमध्ये सांगितली. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. एरवी ते कॅबिनमध्ये बोलावायचे, पण खुशीत असले की माणसांत येऊन बसायचे. माझ्या ताटातला पापड मोडून तोंडात टाकत ते म्हणाले, "सिंगापूरचा फंड आहे. पस्तीस टक्के घेतोय. कागद सगळे तू बघायचे. आता तू कंपनी सेक्रेटरी आहेस, माझ्या मागे लपायचं नाही."

मला फार बरं वाटलं. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.कॉम. झालो. घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नव्हती. पदवीचा कागद आल्यावर तो कुठे ठेवायचा हेच आम्हाला कळेना, शेवटी आईने तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. नवी मुंबईत आलो तेव्हा घणसोली गावात चौघांत एक खोली होती. साहेबांनी मला महापेच्या ऑफिसात डिस्पॅचच्या टेबलावर घेतलं. माझी इंग्रजी पत्रं चुकायची, ती लाल पेनाने दुरुस्त करून परत द्यायचे, पण कुणासमोर कधी बोलले नाहीत. कंपनी सेक्रेटरीच्या, म्हणजे कंपनीचे कायद्याचे कागद सांभाळणाऱ्याच्या, परीक्षेला त्यांनीच बसवलं. मी पास झालो त्या दिवशी तळोज्याच्या कारखान्यात त्यांनी प्रत्येकाच्या हातात पेढा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता याच्या सहीला वजन आहे." बारा वर्षं मी त्यांच्याकडे काढली. हे उपकार मी आजही नाकारत नाही, आणि म्हणूनच पुढचं लिहिणं मला जड जातं.

आम्ही देखरेखीचे कॅमेरे आणि त्यांच्या मागचे, चित्रण साठवणारे डबे बनवायचो. सोसायटीच्या गेटवर असतात ते नव्हेत. बंदरावर, विजेच्या उपकेंद्रात, तुरुंगाच्या भिंतीवर बसतात ते. अशा कामात परदेशी पैसा घ्यायचा तर सरकार आधी तो कुणाचा आहे ते विचारतं. आपल्या सीमेला लागून असलेल्या देशातून पैसा येणार असेल तर परवानगी लागतेच. तो थेट न येता तिसऱ्याच देशातल्या कंपनीतून फिरून आला, तरी त्याच्या शेवटी खरा मालक कोण बसलाय हे बघायचं असतं. तो सीमेपलीकडचा निघाला तर फाईल दिल्लीला जाते, गृहखात्यापर्यंत फिरते आणि त्यात महिने जातात. तसा कुणी नसेल तर कंपनीने एका कागदावर लिहून द्यायचं की आमच्या माहितीप्रमाणे असा कोणी मालक नाही. बँक तो कागद ठेवून घेते आणि पैसे खात्यात येतात. त्या कागदावर माझी सही लागणार होती.

खरा मालक शोधायचा कसा, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मला येत होतं ते एवढंच, की वंशावळ कशी काढतात.

आदल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचं प्रकरण मी स्वतः केलं होतं. आम्ही बौद्ध. पडताळणी समितीला पुरावा लागतो तो पन्नास सालाआधीचा, म्हणजे आजोबा-पणजोबांचा. पणजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यांचा कागद आणायचा कुठून? आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव शेजारच्या गावातल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडलं, त्या पानाचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. बॉन्डपेपरवर वंशावळ काढून दिली. ती त्रुटी दाखवून परत आली, की चुलत आजोबांची शाखा पूर्ण दाखवलेली नाही. शाखा दाखवली. पुन्हा परत आली, की त्या शाखेतल्या एकाचं आडनाव दाखल्यावर वेगळं आहे, प्रतिज्ञापत्र जोडा. मग दक्षता पथकाचा माणूस गावात येऊन विचारून गेला, तुमचं कुलदैवत कोणतं, लग्नात काय-काय करता. आम्ही बौद्ध आहोत हे त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं, तरी तो विचारत होता आणि माझे वडील हात जोडून उत्तरं देत होते. या कामासाठी साहेबांनी मला आठ दिवस रजा दिली होती. त्या आठ दिवसांत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. वंशावळ काढायची तर शेवटपर्यंत वर जायचं, एकही शाखा सोडायची नाही, प्रत्येक नावापुढे कागद लावायचा. नाहीतर प्रकरण परत येतं.

फंडाच्या बाबतीत मी तेच केलं, आणि तीच माझी चूक झाली.

फंडाच्या सिंगापूरच्या वकील बाईंना मी कंपनीच्या मेलवरून एक लांब यादी पाठवली. फंडाचा मालक कोण, त्या मालकाचा मालक कोण, असं करत शेवटच्या जिवंत माणसापर्यंत प्रत्येकाचं नोंदणीपत्र, भागधारकांची यादी, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्टची प्रत. खाली लिहिलं, "एखादा कागद उपलब्ध नसल्यास प्रतिज्ञापत्र चालेल." तीन दिवसांत बाईंनी सगळं पाठवलं, अनुक्रमांक घालून, वर नम्र पत्र जोडून. या धंद्यात असं कुणी मागत नाही हे मला माहीत नव्हतं. मागितलं तरी द्यायचं नसतं, हे बहुधा त्यांना माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी करंजाड्याच्या घरी मी चार मोठे कागद टेपने जोडून फरशीवर पसरले आणि रेघा आखायला बसलो. बायको भाजी निवडत शेजारी बसली होती. ती थोडा वेळ बघत राहिली.

"कुणाचं खानदान आहे एवढं?"

"सिंगापूरचं."

"मुलगी द्यायचीय का कुणाची?"

"कंपनी द्यायचीय."

"मग बघा बाई नीट. मुलीच्या वेळी तरी माणसं चौकशी करतात."

सगळ्यात खाली आमची कंपनी. तिच्या वर सिंगापूरचा फंड. फंडाच्या वर त्याच इमारतीतली एक कंपनी. तिच्या वर कुठल्याशा बेटावरच्या दोन कंपन्या, दोघींचा पत्ता एकच, पोस्टाची पेटी. त्यांच्या वर एक भागीदारी. तिच्या वर एक ट्रस्ट. आणि ट्रस्टच्या वर, सातव्या ओळीत, एकच माणूस. पासपोर्ट सीमेपलीकडच्या देशाचा, पत्ताही तिथलाच. फोटोत तो आमच्या गावच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांसारखा दिसत होता, गंभीर आणि थकलेला. त्याच्या देशात त्याची स्वतःची कॅमेऱ्यांची कंपनी होती. तिचा माल आपल्याकडच्या सरकारी कामांत घ्यायचा नाही असं ठरलेलं आम्हाला माहीत होतं, कारण त्यामुळेच आम्हाला ऑर्डरी मिळू लागल्या होत्या. म्हणजे ज्याला पुढच्या दाराने येऊ दिलं नव्हतं, तो आमचं दार विकत घेत होता.

मला तोपर्यंत घाण वाटली नव्हती. उलट वाटलं, बरं झालं, वेळेत कळलं. साहेबांना सांगू, ते म्हणतील शाब्बास.

करारातलं एक कलम मात्र मला समजत नव्हतं. म्हणून सोमवारी तळोज्याला गेलो. कारखान्याचे मुख्य इंजिनिअर साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. शेजारच्या केमिकलच्या कारखान्यातून येणारा वास त्या दिवशी जास्तच होता, भाऊंनी खिडकीच्या फटीत फडकं कोंबलं होतं.

मी विचारलं, "भाऊ, अपडेटची चावी गुंतवणूकदाराच्या माणसाकडेही राहील, असं लिहिलंय. याचा अर्थ काय?"

भाऊंनी टेबलावरचा डबा माझ्याकडे सरकवला. "ह्यात नवा प्रोग्रॅम घालायचा म्हंजी डबा आधी ओळख मागतोय. ती ओळख म्हंजी चावी. ती दाखवली की आत काय बी घालता येतंय, आतलं काय बी बाहेर काढता येतंय. बंदरावरचा असू दे न्हायतर तुरुंगावरचा."

"तिथं जावं लागतं?"

"कशाला? हितनं करतो की मी रोज."

"सिंगापूरहूनही होईल?"

"डबा काय पासपोर्ट बघतोय व्हय?"

मी त्यांना सातव्या ओळीतल्या माणसाबद्दल सांगितलं. ते बराच वेळ स्क्रूड्रायव्हरने टेबल टोकरत बसले. मग म्हणाले, "साहेबास्नी तूच सांग. मी बोललो तर म्हंतील, म्हातारा जाता जाता कुरकुरतोय."

मी साहेबांना सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि दोन दिवसांनी मुंबईहून सल्लागाराला बोलावलं. हे सल्लागार अशाच व्यवहारांची कामं करायचे. आवाज मऊ, शर्टाला सुरकुती नाही, सगळ्यांना तुम्ही म्हणायचे. त्यांनी बॅगेतून एक छोटा डबा काढला. त्यात भिजवलेले बदाम होते. मी टेबलावर माझी वंशावळ पसरली आणि ते एकेक बदाम सोलून खाऊ लागले. साली त्यांनी बेटावरच्या दोन कंपन्यांवर ठेवल्या.

"हे तुम्ही काढलंत?"

"हो सर."

"सुंदर आहे. कुणी सांगितलं होतं काढायला?"

"कुणी नाही. खरा मालक शोधायचा होता म्हणून…"

"म्हणून तुम्ही त्यांच्या वकिलाला लेखी विचारलंत. आणि तिने लेखी उत्तर दिलं." ते साहेबांकडे वळले. "साहेब, याला आम्ही अपघात म्हणतो."

साहेब म्हणाले, "पोरगं प्रामाणिक आहे हो." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, जसं कुणी पाहुण्यांना सांगावं की मुलाला फिट येतात.

"प्रामाणिक माणसांचंच टेन्शन असतं. बाकीचे निदान आधी विचारून करतात." मग मला म्हणाले, "हे बघा, त्या कागदावर काय लिहायचं असतं? आमच्या माहितीप्रमाणे. तुम्ही विचारलं नसतंत तर आपल्याला माहिती नसती. माहिती नसती तर ते वाक्य शंभर टक्के खरं ठरलं असतं. आता ते खोटं झालंय, आणि ते तुम्ही केलंत."

मला हे समजायला वेळ लागला. मी शाळेत शिकलेलं खरं आणि खोटं त्यात कुठे बसतंय ते शोधत होतो.

त्यांनी साली बाजूला झटकल्या, माझा कागद खालून तिसऱ्या ओळीवर दुमडला आणि नखाने घडी दाबत नेली. "हे असं. एवढंच पाठवायचं. इथपर्यंत सगळे सिंगापूरचे."

"आणि वरचे, सर?"

"वरचे आपण पाहिले नाहीत. किती हिस्सा असला की खरा मालक म्हणायचं, यावर वकिलांचं अजून एकमत नाही. एकमत नाही तोवर आपल्यासारख्यांनी पोट भरायचं."

"पण त्या बाईंचा मेल आहे ना आपल्याकडे."

"तो चुकून पाठवला गेला, असं त्यांच्या वकिलांच्या कंपनीने आज कळवलंय. त्या बाई आता तिथे नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काढलं त्यांना."

हे सांगताना ते पुढचा बदाम सोलत होते. साल निघत नव्हती, ती त्यांनी दातांनी काढली. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब मोबाईल बघत होते. त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही, त्यांचा आवाजही ऐकलेला नाही. मी एक यादी पाठवली आणि त्यांनी ती नीट पूर्ण केली, एवढाच आमचा संबंध. मी पाणी प्यायलो, पण तोंडाची कडू चव गेली नाही.

मी म्हणालो, "साहेब, आपण सरळ दिल्लीला अर्ज करू. खरं ते लिहू. सरकारला वाटलं तर देतील परवानगी."

"किती दिवस?"

"आठ-दहा महिने. कदाचित वर्ष."

"तोवर तळोज्याचे पगार तू देणार का?"

सल्लागार हसले. "अर्ज पाच खात्यांत फिरेल. आणि तीन महिन्यांनी पहिली विचारणा येईल की संचालकांच्या पॅनकार्डाची प्रत अस्पष्ट आहे, पुन्हा जोडा. वरच्या माणसाबद्दल कुणी विचारेल याचीसुद्धा खात्री नाही."

ते खोटं बोलत नव्हते, याचीच मला जास्त चीड आली. माझ्या चुलत आजोबांच्या शाखेतल्या एका आडनावाचा फरक ज्या सरकारच्या नजरेतून सुटला नव्हता, त्याच सरकारची ही दुसरी खिडकी होती. इथे पाच मजले चढून कुणी वर बघणार नव्हतं. चाळणी एकच, पण माझ्या घरच्यांसाठी तिची भोकं वेगळी होती.

दोन आठवड्यांनी फंडाकडून नवे कागद आले. ट्रस्टमध्ये आता सातव्या ओळीतला माणूस नव्हता. त्याच्या जागी त्याचा मेव्हणा होता, ज्याने कुठल्याशा बेटाचं नागरिकत्व घेतलेलं होतं. बदलाची तारीख आमच्या त्या मीटिंगनंतरची होती. सल्लागारांचा फोन आला. "आता सगळं खरं आहे. बिनधास्त सही करा."

साहेबांनी कॅबिनमध्ये बोलावलं. समोर तो एक पानाचा कागद होता, शेजारी त्यांचं स्वतःचं पेन, टोपण काढून ठेवलेलं.

"कर सही."

"साहेब, माणूस तोच आहे. फक्त मेव्हण्याच्या नावावर केलंय."

"कागदावर कोण आहे?"

"मेव्हणा."

"मग तू कागद बघणारा माणूस आहेस का पोलीस?"

"चावी त्याच्याकडे जाणार, साहेब. भाऊंना विचारा."

"भाऊ पुढच्या महिन्यात साताऱ्याला जाऊन गाई पाळणार आहे. माझ्या मागे साठ घरं आहेत. तू मला सांग, बँकेची ना नाही, सरकारची ना नाही, सिंगापूरची ना नाही. फक्त तुझीच ना का?"

"मला माहीत आहे म्हणून."

ते खुर्चीत मागे रेलले. मग मऊ आवाजात म्हणाले, "बहिणीच्या वेळी आठ दिवस रजा मागितलीस. मी विचारलं का, खरंच आठ लागतात का म्हणून?"

"नाही साहेब."

"लाल पेनाने तुझी पत्रं कुणी सुधारली?"

"तुम्ही."

"मग आज मी अडलोय तर?"

खरं सांगायचं तर मी पेनाकडे बघत होतो. मनात आलं होतं, करून टाकू, एक सही तर आहे, या माणसासाठी एवढं करायला काय हरकत आहे. मी हात टेबलावर ठेवलाही होता. तो मी परत मांडीवर घेतला, आणि ते साहेबांनी पाहिलं.

"तुम्हा लोकांचं एक असतं," ते म्हणाले. "कलम, कायदा, घटना. दोन बुकं शिकलात की पहिली झडती ज्यानं शिकवलं त्याच्या घरची."

तुम्हा लोकांचं, हा शब्द त्या कॅबिनमध्ये बारा वर्षांत पहिल्यांदा आला. तो बाहेर पडलेला त्यांनाही कळला. त्यांनी पेनाला टोपण घातलं आणि टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला फक्त जाणवलं की पेढे वाटले होते तेव्हाही हे कुठेतरी आत होतंच, आणि मी तो पेढा दोन हातांनी घेतला होता.

"दोन दिवस रजा घे," साहेब म्हणाले. "गावाला जाऊन ये. आईवडिलांना भेट. दमलायस तू."

त्याचा अर्थ मला कळला. मी दोन दिवस नसेन, त्या वेळात काम होईल, आणि मला काहीच माहीत नसेल. मी म्हणालो, "बरं साहेब."

त्या 'बरं'बद्दल मला सगळ्यात जास्त किळस आहे. नाही म्हणालो असतो तर नोकरी गेली असती. हो म्हणालो असतो तर निदान बदमाश तरी ठरलो असतो. मी रजेचा अर्ज लिहिला, वर तारीख घातली आणि गावाला गेलो.

गावी वडील ओट्यावर बसून माझी वाट बघत होते.

"साहेबानं आपणहून रजा दिली म्हन?"

"हो आबा."

"मोठ्या मनाचा मानूस. नाव ठिवायला जागा न्हाई." शेजारचे काका आले तेव्हा आबा त्यांना सांगू लागले, "याच्या सहीबिगर कंपनीचा एक कागद हालत न्हाई बघा."

"खरं का रे?" काकांनी विचारलं.

"हो काका," मी म्हणालो. त्याच वेळी महापेच्या ऑफिसात तो कागद माझ्या सहीवाचून हलत होता. आईने ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी ती मान खाली घालून खाल्ली, कारण वर बघायचं टाळायला भाकरीसारखं दुसरं काही नव्हतं.

परत आलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. कागदावर साहेबांची संचालक म्हणून सही होती, आणि बाहेरच्या एका कंपनी सेक्रेटरीची. त्याने सही करण्यापूर्वी काय तपासलं, असं मी विचारलं नाही. सोबत तीन ओळींचा तक्ता जोडला होता, स्वच्छ टाइप केलेला. त्याच्या खालच्या कोपऱ्यात 'तयार करणारा' म्हणून माझं नाव होतं. टायपिंग करणाऱ्या मुलीला मी विचारलं, हे कुणी घालायला सांगितलं. ती म्हणाली, "कुणी नाही सर. तुमच्याच फाईलमधला फॉरमॅट घेतला, त्यात होतं." ती खरंच बोलत होती. कुणी मुद्दाम काहीच केलेलं नव्हतं.

बँकेने काही विचारलं नाही. पैसे आले. साहेब सगळ्या टेबलांवरून हसत फिरले, माझ्या पाठीवरही थाप मारून गेले, जणू आमच्यात काही झालंच नव्हतं. त्याच आठवड्यात फंडाकडून दोन तरुण इंजिनिअर तळोज्याला येऊन गेले. भाऊंनी मला फोनवर सांगितलं, "दिली चावी. चहा पाजला. पोरं चांगली हायती बरं का, माझ्या पाया पडून गेली."

बँकेला कळवावं, मंत्रालयाला लिहावं, असं माझ्या मनात आलं. मी एक मेल लिहूनही ठेवला. तो पाठवला नाही. याची कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. कंपनीची गोपनीयता, साठ घरं, माझी बायको, साहेबांचे उपकार, शिवाय कागदावर आता खरोखर मेव्हणाच होता. प्रत्येक कारण खरं आहे. सगळी एकत्र मांडली की मला सल्लागारांचा मऊ आवाज ऐकू येतो, फक्त बोलणारा मी असतो.

महिनाभर मी टिकलो. मग बोर्डाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायला बसलो. त्यात वाक्य घालायचं होतं की गुंतवणूकदाराच्या मालकीची योग्य ती पडताळणी करण्यात आली. पडताळणी हा शब्द माझ्या हातून उमटेना. मी इतिवृत्त तसंच ठेवलं आणि राजीनामा लिहिला. त्यात कारण एका ओळीत दिलं, की परदेशी गुंतवणुकीबद्दल बँकेला दिलेल्या घोषणापत्रातली माहिती मला खरी वाटत नाही, म्हणून मी या पदावर राहू शकत नाही. खाली सही केली.

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. ते ओरडले नाहीत.

"हे सरकारी नोंदीत जाणार. बँक बघणार, फंड बघणार."

"हो साहेब."

"आणि उद्या तू दुसरीकडे अर्ज करशील. ते मला फोन करतील. मी काय सांगू? याने असं-असं लिहिलं म्हणून? कोण घेईल तुला? मालकाविरुद्ध लिहिणारा सेक्रेटरी." ते खरोखरच काळजीने बोलत होते, निदान तसं वाटत होतं. "वैयक्तिक कारणास्तव लिही. सगळे तेच लिहितात. मी आजच्या आज अनुभवाचं पत्र देतो, चांगलं देतो. बारा वर्षं काढलीस इथे."

करंजाड्याच्या घराचं भाडं होतं, बहिणीचं दुसरं वर्ष चालू होतं. मी जागेवर जाऊन पत्र बदललं. एक ओळ काढून दोन शब्द घातले. सही केली आणि खाली सवयीने कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेतला माझा सभासद क्रमांक लिहिला. ज्या कागदावर सही नको म्हणून एवढं सगळं झालं होतं, त्यावर ती नव्हती. ती या कागदावर झाली. साहेबांनी अनुभवाचं पत्र स्वतः लिहिलं. त्यात माझ्या प्रामाणिकपणाबद्दल दोन ओळी आहेत.

आता मी वाशीला एका औषधांच्या कंपनीत आहे. मुलाखतीत तिथल्या मोठ्या साहेबांनी दोन्ही पत्रं, राजीनाम्याचं आणि अनुभवाचं, समोर ठेवली आणि विचारलं, "बारा वर्षांची नोकरी सोडलीत, कारण काय?"

"वैयक्तिक," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही.